पाणकराचा जबाब

आमच्याकडे भारी धान दसऱ्याच्या मागेपुढे गर्भात येतो. हलका धान तोवर पिवळा पडलेला असतो, काही बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, कापूनही झालेला असतो. भारी मात्र हिरवागार, पोट धरून उभा. त्याचा दांडा दोन बोटांत घेऊन अलगद दाबला की आत लोंबीची मऊ गाठ लागते. पाऊस परत गेलेला असतो. सकाळी धुऱ्यावरून, बांधीच्या कडेच्या बांधावरून, चालताना पायांना दव लागतं आणि दुपारी त्याच धुऱ्याला भेगा दिसतात. या पंधरा दिवसांत धानाला एक पाणी लागतं, शेवटचं. ते मिळालं तर लोंब भरते. नाही मिळालं तर दाणा पोचट, आणि वर्षभराची मेहनत तणसात, नुसत्या पेंढ्यात, जाते.

तलावाचं तुडुम याच दिवसांत उघडतात. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीला, मातीच्या मोठ्या बांधाला, लागून पाण्यात उभा असलेला दगडी खांब. त्याला एकाखाली एक भोकं, भोकांत लाकडी बुचं. वरचं बुच काढलं की पाणी पाळीखालून पाटात येतं. तलाव उतरत गेला की खालचं काढायचं. पहिलं बुच निघतं तेव्हा तलाव घसा खाकरल्यासारखा आवाज करतो. आमचं घर पाळीच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे तो आवाज आम्हाला स्वयंपाकघरातही येतो.

आज सकाळी आला. मी ओसरीवर पत्रकांच्या घड्या घालत होते. बाबूजी, माझे वडील, अंगणात खाटेवर बसले होते. आवाज आला तसं त्यांनी डोकं वर केलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि पुन्हा खाली घातलं. उठले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

का बघवलं नाही, ते लिहायला बसले आहे. पत्रकं लिहायची सवय आहे मला. पत्रकात दोषी कोण ते पहिल्या चार ओळींत सांगायचं असतं, नाही तर वाचणारा कागद फेकून देतो. मला आधीच उशीर झाला आहे. दोषी मी आहे.

बाबूजी आमच्या गावचे पाणकर होते. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा माणूस. हे पद सरकारी नाही, त्याला शिक्का नाही. गाव बसतं, एकाचं नाव घेतं, तो खांद्यावर फावडं घेतो, झालं. बाबूजींनी ते फावडं माझ्या जन्माआधी घेतलं. एका वर्षी पाणी तोंडाकडच्या बांध्यांपासून सुरू करायचं, दुसऱ्या वर्षी शेपटीकडून, म्हणजे तलावाजवळचा कायम पहिला आणि लांबचा कायम शेवटचा असं होत नाही. प्रत्येक बांधीला नाव. मोहाखालची, लांबोळी, सासूची, रडकी. रडकी का, तर तिच्यात पाणी टिकत नाही, सारखी पाझरत राहते. कोणाची बांधी किती पाणी पिते, कोणाचा धान कोणत्या दिवशी निसवणार, म्हणजे लोंब बाहेर टाकणार, कोणाकडे औंदा बाळंतीण आहे म्हणून त्यांना सकाळची पाळी द्यायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मी शाळेत असताना एकदा म्हटलं, वही करा ना. म्हणाले, "वही भिजते."

त्यांच्या मागून चालण्याचे ते दिवस मला अजून अंगावर आठवतात. टाचांच्या भेगांत सुकून पांढरा झालेला चिखल. पाटातल्या पाण्यावर तरंगत आलेली मोहाची पानं. बांधीत उतरून ते दांड्याशी पाणी बोटांनी मोजत. चार बोटं झालं की धुऱ्याचं तोंड मातीने बंद करत आणि फावड्याच्या पाठीने दोनदा थोपटत, वासराला थोपटावं तसं. मग पुढच्या बांधीचं नाव घेत. मोठ्याने. बांधीच हाकेला येणार असल्यासारखं. एखादा चिडून यायचा, माझं पाणी तोडलं म्हणायचा. बाबूजी म्हणत, "तुयी चार बोटं झाली भाऊ, पाचवं बोट तुयं नाही." तो हात पाण्यात घालून बघायचा आणि गप्प परत जायचा. मी अनेक सभा पाहिल्या, मंत्र्यांच्याही पाहिल्या. दुसऱ्या कोणत्या माणसाच्या शब्दाला इतकं वजन मी पाहिलं नाही.

बाबूजींची पहिली चूक कोणत्या वर्षी झाली ते मला सांगता येत नाही, कारण गावाने ती चूक होऊच दिली नाही. तोंडाकडून पाणी सुरू करायचं वर्ष होतं आणि बाबूजी फावडं घेऊन शेपटीला जाऊन उभे राहिले. ज्यांची पाळी होती ते पाच-सहा जण पाळीवर थांबले होते. भांडण व्हायला हवं होतं. त्यांच्यातला एक चालत खाली गेला आणि म्हणाला, "काकाजी, इकडचा धान आधी निसवून राहिला म्हणून शेपटीपासून घेतलं ना औंदा?"

बाबूजी म्हणाले, "हो. म्हणूनच."

तेव्हापासून गावाची ती रीतच पडली. कोणी ठरवलं नाही, बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. बाबूजींना प्रश्न विचारायचा तो उत्तर आत ठेवून विचारायचा. "काकाजी, सासूची बांधी झाली, आता लांबोळी ना?" "काकाजी, गिरजामायकडून येऊन राहिले ना तुमी, चहा घेऊन?" गिरजामाय म्हणजे शेपटीकडच्या बांध्यांची मालकीण, बाबूजींच्याच वयाची, तोंडाने तिखट. ती तर चालता चालता सगळी पाळी सांगून टाकायची, आणि तीही तक्रारीच्या सुरात. "काल तुमी रडकीले पानी देलं, आज लांबोळीले देनार, मंग माह्या बांधीनं का पाप केलं?" बाबूजी हसायचे. "बुढे, तुयी पाळी उद्या." आणि बरोबर लांबोळीकडे वळायचे.

मी तेव्हा वनहक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत नवीन होते. गोंदियाला शिबिरं व्हायची, हॉलच्या भिंतींवर आम्हीच रंगवलेली वाक्यं असायची. साक्ष कशी घ्यायची ते आम्हाला शिकवलं होतं. सरळ विचारा. मध्ये बोलू नका. उत्तर माणसाच्या तोंडात घालू नका. हे मला इतकं पटलं होतं की मी ते घरी घेऊन आले. गाव जे करत होतं ते मला ढोंग वाटायचं. म्हाताऱ्याला फसवताहेत, वाटायचं; त्याच्या तोंडावर गोड बोलून आपापलं पाणी काढून घेताहेत, असंही एकदा मी मायला म्हटलं. माय भाजी निवडत होती. म्हणाली, "कोणं काढून घेतलं? नाव सांग." मला एकही नाव सांगता आलं नाही. पण मत बदललं नाही.

मी बाबूजींना सरळ विचारायचे. "काल कोणाला पाणी दिलंत?" ते आभाळाकडे बघायचे. मी वाट बघायचे. वाट बघणं हा आदर आहे असं मला शिकवलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि मी तरी वाट बघायचे.

एकदा त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हिंदीत बोलायचे. म्हणाले, "बाबाजी, तीन शब्द याद रखिए. कमल, घोडा, चाबी." मग इकडचं तिकडचं विचारलं, वार विचारला, आणि पुन्हा शब्दांवर आले. बाबूजी म्हणाले, "कमल. घोडा." पुढे थांबले. डॉक्टर म्हणाले, "और तीसरा?"

"तिसरा तुमीच सांगा. तुमाले याद हाय का?"

डॉक्टरांची नजर समोरच्या कागदावर गेली. आम्ही तिघंही हसलो. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वय आहे, हळूहळू वाढेल, औषधाने थोडं सावरेल. आणि म्हणाले, "उनको टोकिए मत, बस." मी औषधं घेतली. दुसरी गोष्ट घेतली नाही.

मग तो ऑक्टोबर आला. तीन वर्षं झाली.

आमचा तलाव कागदावर वनजमिनीत पडतो. आजोबा-पणजोबांनी बांधला, राखला, गाळ उपसला, पण सातबाऱ्याला त्यांचा पत्ता नाही. वनहक्क कायद्याखाली गावाने तलावावर सामूहिक हक्काचा दावा टाकला होता. दावा मी लिहिला होता. त्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडायची: तिथे जाणत्या माणसांचं सांगणंही पुरावा धरतात. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांची आठवण कागदाच्या बरोबरीची. पत्रकाच्या मथळ्याला मी तेच वाक्य घेतलं होतं. आणि जाणता म्हणून सगळ्यांत वर नाव लिहिलं बाबूजींचं. पाणी गावच वाटत आलं आहे, हे पाणकराशिवाय कोण सांगणार?

गिरजामाय घरी आली. "काकाजीले नको ठेवू. माहा जबाब घे. दुसऱ्या कोनाचा घे."

"का? पाणकर ते आहेत."

"आहेत ना. म्हून तं म्हणून राहिली."

मला वाटलं, आता म्हाताऱ्या माणसाला बोलायलाही देणार नाहीत. मी तिला स्वाभिमानावर पाच मिनिटं भाषण दिलं. तिने ऐकून घेतलं. जाताना मायला म्हणाली, "तुयी टुरी चांगली बोलते. ऐकते कमी."

दाव्याची पडताळणी करायला तालुक्याचे साहेब येणार होते. त्याआधी आठवडाभर मी बाबूजींची तयारी करून घेतली. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. तोंडात उत्तर घालू नका म्हणणारी मी, मी एक पानभर जबाब लिहिला आणि त्यांना रोज संध्याकाळी पाठ करायला लावला. "तलावातील पाण्याचे वाटप ग्रामस्थ परंपरेने सामूहिक निर्णयाने करीत आले आहेत." असं वाक्य बाबूजींनी उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. ते शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून बसायचे. 'सामूहिक' वर अडायचे. मी पुन्हा सांगायचे. एका संध्याकाळी ते मध्येच उठून म्हणाले, "तुडुमाची गोष्ट सांगू का? एक साल बुच निघेच ना, तं मी अन् गिरजाचा नवरा..." मी म्हटलं, "ते नको बाबूजी. विषयावर या." ती गोष्ट मी पुन्हा कधी ऐकली नाही. आता विचारलं तर त्यांना आठवत नाही. तिच्यात गाव होतं, तलाव होता, पाणी होतं. पुरावाच होता तो. मी तो त्यांना सांगू दिला नाही.

साहेब आले तो दिवस उन्हाचा होता. पाळीवर सगळं गाव. तुडुम दोन दिवसांपूर्वी उघडलं होतं, पाट भरून वाहत होता, ओल्या मातीचा आणि गर्भातल्या धानाचा तो दुधाळ वास सगळीकडे. बाबूजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला टोपी. साहेब भले माणूस होते, हेही सांगायला हवं. त्यांनी दम दिला नाही, खुर्चीत बसले नाहीत. बाबूजींच्या शेजारी पाळीवर उकिडवे बसले आणि साधं विचारलं.

"बाबा, पाणी कधी सोडायचं ते कोण ठरवायचं?"

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोला. ते ताठ बसले. म्हणाले, "साहेबायची चिठ्ठी ये. चिठ्ठी आल्याबिगर मी हात नाही लावत."

त्याचं असं आहे, की बाबूजी तरुणपणी काही वर्षं इटियाडोह धरणाच्या नहरावर, कालव्यावर, मजुरीला होते. तिथे पाणी खरंच चिठ्ठीने सुटायचं. नहर आणि तलाव ही दोन पाणी त्यांच्या डोक्यात एकत्र झाली होती. पाळीवरच्या प्रत्येकाला ते कळलं. न कळणारे फक्त साहेब होते, आणि ते लिहून घेत होते.

गिरजामाय पुढे आली. अगदी सहज, रोजच्यासारखी. "काकाजी, ते तं नहराचं सांगून राहिले ना तुमी? तलावाचं तं आपूनच पाळीवर बसून ठरवतो, नाही का?"

बाबूजींचा चेहरा उजळायला लागला होता. मी तो पाहिला आहे. त्यांच्या ओठांवर 'हो' आलं होतं.

साहेब म्हणाले, "आजी, उत्तर सुचवू नका. त्यांना सांगू द्या."

आणि मी म्हटलं, "बरोबर आहे. मध्ये कोणी बोलू नका."

मोठ्याने म्हटलं. सभेत म्हणतात तसं. गिरजामाय थांबली. तिच्यामागे बोलायला निघालेले दोघं-तिघं थांबले. इतकी वर्षं ज्यांनी बाबूजींना एका बांधीवरून दुसऱ्या बांधीवर हात न लावता पोचवलं होतं, त्या सगळ्यांना मी एका वाक्यात गप्प केलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. बाबूजी पुन्हा म्हणाले, चिठ्ठी. तिसऱ्यांदा त्यांनी साहेबाचं नावही सांगितलं, नहरावरच्या. ते बरोबर सांगितलं असावं.

मग मी फुटले. "बाबूजी, आठ दिवस काय सांगत होते मी तुम्हाला?"

साहेबांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. जबाब पढवलेला आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं. बाबूजी टोपी काढून हातात घेऊन उभे होते. का काढली, कोण जाणे. त्यांना वाटलं असावं, सभा संपली.

जबाब तसाच राहिला तर दावा जाणार होता. पाणी सरकारी चिठ्ठीने सुटतं असं गावचा पाणकरच म्हणतो, मग गावाचा हक्क कसला? वकिलाला फोन केला. तो म्हणाला, एकच रस्ता आहे, साक्षीदार भरवशाचा नाही असं लेखी द्या, घरच्यांनी द्या, ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि तो जबाब रद्द करून दुसऱ्या दोघांचे घ्या. मी त्याच दिवशी लिहिलं. लिहायला मला वेळ लागत नाही. "सदर साक्षीदार हे वयोमानामुळे मानसिकदृष्ट्या अक्षम असून त्यांच्या कोणत्याही कथनावर विसंबून राहता येत नाही." खाली माझी सही. त्याखाली बाबूजींच्या सहीची जागा, त्यांना हे कळवल्याबद्दल.

मी कागद पुढे केला आणि बोट ठेवलं, इथे. मला वाटलं होतं ते करून टाकतील. पण बाबूजींनी चष्मा मागितला. माय चष्मा घेऊन आली आणि दारात उभी राहिली. त्यांनी वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवून, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. 'सामूहिक' वर अडणारा माणूस 'मानसिकदृष्ट्या' वर अडला नाही. मग म्हणाले, "इथं विसरभोळा लिवता नाही येत का?"

मी म्हटलं, "तसा शब्द चालत नाही, बाबूजी. विसरभोळा लिहिलं तर जबाब रद्द होत नाही."

"असं का," म्हणाले. आणि पूर्ण नावाची सही केली, वडिलांच्या नावासकट, शेवटी टिंब देऊन.

ग्रामसभेत तो कागद मीच वाचला. माईकवर. आवाज चांगला आहे माझा, लांबपर्यंत जातो. बाबूजी पहिल्या ओळीत सतरंजीवर बसले होते, कारण त्यांची जागा कायम तीच. 'कोणत्याही कथनावर' हे शब्द म्हणताना मी कागदात डोकं घातलं होतं. मग सरपंचांनी विचारलं, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. थोडा वेळ कोणाचाच हात वर गेला नाही. आणि पहिला हात वर गेला तो बाबूजींचा. त्यांचा पाहून बाकीचे गेले. गिरजामायने केला नाही. घरी जाताना वाटेत ती एवढंच म्हणाली, "आमी इतके साल झाकून ठेवलं. तुनं माईकवर सांगतलंस." सुरात तिखटपणा नव्हता. तो असता तर मी उत्तर दिलं असतं.

दावा मंजूर झाला. हे मी खालच्या आवाजात सांगत नाही, ती लढाई खरी होती आणि आजही खरी आहे. तलाव आता कागदावरही गावाचा आहे, मासे गावाचे आहेत. माझा सत्कार झाला. शाल दिली. आसपासच्या गावांतून बोलावणी येतात, ती फाईल कशी बांधायची ते मी शिकवते. फाईल उघडली की ते पान येतं. मी ते झटकन उलटते.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात गावकरी नेहमीसारखे घरी आले. "काकाजी, चला, तुडुम उघडाचं ना आज?" बाबूजी खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, "माह्या बोलन्यावर नाही जाऊ बाबा आता. तसा कागद हाय. टुरीजवळ." वार विसरले, पाहुण्यांची नावं विसरले, जेवले का ते विसरले, आणि हे एक धरून बसले. त्या वर्षी पाणी माझ्या छापील वेळापत्रकाने वाटलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेलं, प्रत्येकाला सारखे तास. रडकी बांधी त्या तासांत भरली नाही. लांबोळीत पाणी धुऱ्यावरून गेलं. दोन घरांची अजून बोलचाल नाही.

मागच्या महिन्यात मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आले. ते वाक्य बदलून मिळेल का विचारायला, अर्ज घेऊन. तिथल्या कारकुनाने फाईल काढलीच नाही. "अरे मॅडम, काम हो गया ना आपका? आता कायले उकरून राहिले?" मी तिथे अर्धा तास भांडले. भांडता येतं मला. बसमध्ये बसल्यावर कळलं की ज्याच्याकडे जायला हवं होतं त्याच्याकडे मी तीन वर्षांत गेलेच नाही. बाबूजींशी मी औषधांचं बोलते, जेवणाचं बोलते. त्या कागदाचं एकदाही बोलले नाही. विसरले असतील तर बरंच आहे, असं म्हणत आले. त्यांच्या विसरण्याचा फायदा मी सोडून दुसऱ्या कोणी घेतलेला नाही.

तर आज सकाळी पत्रकं तशीच ठेवून मी अंगणात गेले आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. पाटाचं पाणी कुंपणापलीकडून चाललं होतं. बाबूजींनी मला जागा करून दिली.

मी म्हटलं, "बाबूजी, माझ्या हातून एक चूक झाली."

"का झालं?"

सांगायचं तर त्यांना ते सगळं पुन्हा ऐकवावं लागणार होतं. शब्द न् शब्द. आणि तिथे माझी सगळी शिबिरं संपली. मी म्हटलं, "एक माणूस होता. त्याच्याबद्दल मी कागदावर लिहिलं, की तो अक्षम आहे. त्याच्या बोलण्यावर विसंबता येत नाही म्हणून."

"मंग, होता का तसा?"

"विसरायचा थोडं."

बाबूजींनी विचार केला. पाळीवर तंट्याचा निवाडा करताना करत तसा, खाली मातीकडे बघत. "त्या मानसाले पुसलं होतं का, लिवाच्या आधी?"

"पुसलं होतं."

"तो का म्हणे?"

"विसरभोळा लिहा म्हणाला."

"मंग तसं लिवाचं होतं."

"तलाव गेला असता, बाबूजी."

पाटात कोणीतरी पानांचा अडसर काढला असावा, पाण्याचा आवाज एकदम मोकळा झाला. त्यांनी तिकडे कान दिला, आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

"तो मानूस हाय का अजून?"

"आहे."

"मंग मले कायले सांगून राहिली? त्याले सांग."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओळखलं होतं की नव्हतं, मला कळलं नाही. त्यांनी उत्तराची एक खूणही कुठे ठेवली नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.